मेलबर्नचे तीन गोल

प्लेनोत शनिवारी मुलांना सॉकरला सोडून आम्ही मैदानाच्या कडेला गप्पा मारतो. तिथे नेव्हिल डिसोझांचे नाव क्वचितच निघते, याची आम्हांला खंत आहे. मूळचे गोव्यातल्या आसगावचे नेव्हिल मुंबईत टाटा स्पोर्ट्सकडून खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियावर आधी गोल केला तोही त्यांनीच. मग मात्र आपल्यावर चार झाले. भारत चौथा आला. त्या संघातले पी. के. बॅनर्जी पुढे प्रशिक्षक म्हणून गाजले. नेव्हिल १९८० मध्ये गेले, पन्नाशीही न गाठता.