पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म: वर्धा; मृत्यू: नागपूर, २२ जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ होते.

शिक्षण व क्रांतिकार्य

सशस्त्र क्रांतीच्या ध्येयाने ते तरुणपणीच देशाबाहेर पडले. अमेरिकेतील ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी कृषिशिक्षण घेतले. गदर चळवळीच्या आरंभीच्या नेत्यांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. मात्र उठाव फसल्याने मायदेशी परतणे अशक्य झाले.

मेक्सिकोतील कार्य

१९२४ साली ते मेक्सिकोत गेले व पुढे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यात हिमतुषार पडतात व उन्हाळ्याच्या आरंभी पाऊस सुरू होतो. त्यामुळे जिरायती पिकांना वाढीसाठी मोजकेच महिने मिळतात. तेथील शेतकरी मका, घेवडा व भोपळा एकाच शेतात लावतात. मक्याच्या ताटाचा घेवड्याच्या वेलाला आधार होतो, तर भोपळ्याची पाने जमिनीतील ओल टिकवतात. या शेतीचा कणा असलेल्या मक्यावर खानखोजे यांनी संशोधन केले. तेओसिंते या रानटी गवताशी मक्याचा संकर करून त्यांनी नवे वाण तयार केले. गरीब शेतकऱ्यांपर्यंत हे ज्ञान पोहोचावे म्हणून त्यांनी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील एका भित्तिचित्रात त्यांचे चित्रण केले आहे.

अखेरचा काळ

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले व नागपुरात स्थायिक झाले.