बाबासाहेबांचे दोन संसार

१ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब आमच्या भागात, कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते, हे शिरूर-दौंडकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण नवरा म्हणून बाबासाहेब कसे होते, यावर आम्ही घरात बोलत नाही. विहाराच्या वर्धापनदिनी तेच थोडे सांगावे, असे आम्हाला वाटते.

१९०६ साली मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, भीमराव आणि रमाईंचे लग्न लागले. रमाई तेव्हा जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. साहेब परदेशी शिकत असताना त्या माउलीने हलाखीत संसार ओढला, चार लेकरं गमावली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुन्हा लग्न करायचे नाही, असा निश्चय बाबासाहेबांनी केला आणि बारा वर्षांहून जास्त पाळला. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथही त्यांनी रमाईंनाच अर्पण केला.

१९४७ साली मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी शरीर थकले. उपचारासाठी ते डॉ. मालवणकरांकडे जात. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करीत. ओळख वाढली, मन गुंतले. सोबतीची ओढ मोठ्या माणसालाही असते, त्यात कमीपणा कसला? बाबासाहेबांनी ती ओढ स्वतःपासून लपवली नाही आणि समोरच्या बाईंपासूनही लपवली नाही. १९४८ च्या जानेवारीत लग्नाविषयी पत्र लिहिले, त्यात वयातले अंतर आणि आपले आजारपण स्वतःच मांडले. नकार आला तरी राग धरणार नाही, असेही कळवले. जुना निश्चय का मोडतो आहोत, हे दादासाहेब गायकवाडांनाही लिहून सांगितले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदाबाई त्या दिवसापासून सविता, आपल्या माईसाहेब झाल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दोघांनी बरोबरच धम्मदीक्षा घेतली.

६ डिसेंबरनंतर मात्र माईसाहेबांविषयी नको नको ते बोलले गेले. आमच्यातल्याही कित्येकांनी ते खरे मानले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिकच ठरला. आपले आयुष्य वाढले याचे श्रेय ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. पण पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. २९ मे २००३ रोजी माईसाहेब गेल्या.

बंधू-भगिनींनो, सोयरीक जुळवताना पत्रिका बघणे आपण सोडले. पण मुलाचे व्यसन, मुलीचे दुखणे, खरे वय झाकणे सोडले का? मन कुणावर बसले की पोरंही आपले उणे सांगायला कचरतात. पंचशीलातले तिसरे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. त्याला चौथ्या, खोटे न बोलण्याच्या शीलाची जोड दिली तरच संसार टिकतो. बाबासाहेबांनी आधी स्वतःला ओळखले, मग हात पुढे केला. आपल्या लेकरांना आपण एवढे तरी शिकवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!