सर फिरोजशहा मेहता आणि पोलिसांचा कायदा



वर्गाच्या खिडकीची काच फुटली, कोणी फोडली ते कळेना, म्हणून मागच्या दोन बाकांवरील सर्व मुलांना दंड ठोठावला, तर तुम्ही घरी जाऊन काय सांगाल? हाच प्रश्न १८९५ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मोठ्या रूपात उभा राहिला होता, आणि तेथे त्यावर उठून बोलणारे गृहस्थ होते आपल्या मुंबईचे सर फिरोजशहा मेहता.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए. होऊन ते विलायतेस गेले व १८६८ साली बॅरिस्टर झाले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग हे त्यांचे सार्वजनिक कार्यातील सोबती. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू; तिघांनी मिळून १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. अंजुमन-ए-इस्लामचे संस्थापक म्हणून तय्यबजींचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहेच.

१८९२ च्या कायद्यानंतर मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी फिरोजशहांना वरिष्ठ मंडळात पाठविले. तेथे १८६१ च्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आले. दंगलीच्या गावी जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची रीत जुनीच होती. नव्या बिलाने तो खर्च कोणत्या वर्गाने द्यावा व कोणाला वगळावे, हे ठरविण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळत होता. ना साक्ष, ना वकील, ना कोर्ट. एका मोहल्ल्यावर ठपका ठेवला की तेथील विधवेनेही पैसे भरायचे! १८९३ च्या मुंबईतील दंग्याला तेव्हा दोनच वर्षे होत होती. म्हणजे हा केवळ कागदावरचा वाद नव्हता. (आपल्या खानदेशास १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा लागू होता, पण जादा पोलिसांची तरतूद त्यातही होतीच.)

फिरोजशहांनी स्वच्छ शब्दांत विरोध केला. चौकशीवाचून शिक्षा देण्याचा हा आडमार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे. सर जेम्स वेस्टलँड हे अर्थमंत्री इतके रागावले की, मंडळात ही नवीच वृत्ती शिरली अशी त्यांनी तक्रार केली. बहुमत सरकारी सभासदांचे असल्याने बिल पास झाले. आपण हरणार हे फिरोजशहांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पुढे १९०१ साली मुंबई कौन्सिलात जमीन महसुलाच्या बिलावरील त्यांची सूचना फेटाळली गेली, तेव्हा ते गोखल्यांसह सभागृहाबाहेर निघून गेले.

मुंबई शहरात त्यांचे भांडण निराळे होते. पोलीस खर्चाचा वाटा म्युनिसिपालिटीने द्यायचा, पण पोलीस कमिशनर जबाबदार सरकारला. निवडून आलेल्या सभासदांनी विचारले तर उत्तर मिळेलच असे नाही. हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार शहराकडे आला. पोलिसांवर नगरसेवकांचा ताबा काही आला नाही. शाळा मात्र त्यांच्या हाती आल्या.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते वारले. मुंबईला गेलात तर बोरीबंदरसमोर महापालिकेच्या इमारतीपुढे त्यांचा पुतळा दिसेल.