सत्काराऐवजी परीक्षा

एखादा माणूस मंत्री झाला की त्याच्या स्नेहीमंडळींनी काय करायचे, हे आपल्याकडे ठरलेले असते. मांडव, हारतुरे, शाल-श्रीफळ आणि लांबलचक भाषणे. १८९४ साली लोरांद एट्वेश हे हंगेरीचे शिक्षणमंत्री झाले, तेव्हा बुडापेस्टमधल्या गणित व भौतिकी मंडळाने मात्र वेगळाच सत्कार योजला. हे मंडळ एट्वेश यांनीच तीन वर्षांपूर्वी स्थापन केलेले आणि तेच त्याचे अध्यक्ष. अध्यक्षांच्या सन्मानार्थ मंडळाने शालेय शिक्षण नुकतेच संपवलेल्या मुलांसाठी गणिताची एक परीक्षा सुरू केली. प्रश्न फक्त तीन. पण पाठांतराच्या जोरावर एकही सुटू नये असे. आज शंभरावर देशांतली मुले ज्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला जातात, त्याचे कूळ शोधत गेले तर आपण या परीक्षेपाशी येऊन पोहोचतो.

ज्यांच्यासाठी ती सुरू झाली, ते एट्वेश कोण होते?

त्यांचा जन्म २७ जुलै १८४८ चा, बुडा शहरातला. वडील योझेफ एट्वेश हे सरदार घराण्यातले; कादंबरीकार आणि उदारमतवादी पुढारी. १८४८ च्या क्रांतिकारक सरकारात ते शिक्षणमंत्री होते आणि १८६७ मध्ये त्यांच्याकडे तेच खाते पुन्हा आले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा केला. अशा घरातल्या मुलाने वकिली शिकावी, राजकारणात शिरावे, हा सरळ रस्ता होता. लोरांदनेही आधी कायद्याच्या वर्गात नाव घातले. मन मात्र रमले भौतिकशास्त्रात. अखेर १८६७ मध्ये तो जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेला. तिथे किरखॉफ, बुन्सेन, हेल्महोल्ट्झ असे दिग्गज शिकवत होते. मध्येच त्याला उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेत जायचे वेध लागले, तेव्हा वडिलांनी समजूत घालून परावृत्त केले. १८७० मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवून परतला आणि पुढच्याच वर्षी वडील वारले.

त्यानंतर बुडापेस्टचे विद्यापीठ हेच एट्वेश यांचे घर झाले. विद्यापीठाबाहेरचे घर म्हणजे डोंगर. ते निष्णात गिर्यारोहक होते. इलोना आणि रोलांदा या त्यांच्या मुलीही त्यांच्याबरोबर कडे चढत. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतराजीतले एक शिखर आजही एट्वेश यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांचे शास्त्रीय काम एका साध्या दिसणाऱ्या उपकरणाभोवती फिरते. बारीक तारेला टांगलेली आडवी दांडी आणि दांडीच्या टोकांना वजने. गुरुत्वाकर्षणात तिळमात्र फरक पडला तरी तारेला किंचित पीळ बसतो आणि तो मोजता येतो. या तराजूने त्यांनी एक जुना प्रश्न धसास लावला. वस्तूला पृथ्वी ज्या प्रमाणात ओढते आणि वस्तू ढकलताना ती ज्या प्रमाणात विरोध करते, ती दोन्ही वस्तुमाने एकच का? १८९० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की दोन कोटींत एका भागाइतकाही फरक सापडत नाही. पुढे ही अचूकता त्यांनी आणखी वाढवली. आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा पाया याच समानतेवर उभा आहे. १९०१ च्या हिवाळ्यात एट्वेश आपला तराजू गोठलेल्या बालाटोन सरोवरावर घेऊन गेले. कारण आजूबाजूच्या चढउतारांची बाधा न होणारी इतकी सपाट जागा दुसरी नव्हती. जमिनीच्या पोटात काय दडले आहे, हे वरून ओळखण्याची ती रीत होती. पुढे १९२० च्या दशकात टेक्सासमध्ये तेल शोधण्यासाठी हाच तराजू वापरला गेला.

मंत्रिपदावर ते जेमतेम सात महिने राहिले. पण तेवढ्यात आखलेल्या योजनेतून १८९५ मध्ये बुडापेस्टला होतकरू शिक्षकांसाठी एक निवासी विद्यालय उभे राहिले. त्याला नाव दिले वडिलांचे. चांगली शाळा हवी तर आधी चांगला शिक्षक हवा, हे या शास्त्रज्ञाला पक्के ठाऊक होते.

आणि ती परीक्षा? पहिल्याच वर्षीचा एक प्रश्न पाहा. क्ष आणि य या पूर्ण संख्या आहेत. २क्ष + ३य ला १७ ने नि:शेष भाग जात असेल, तर ९क्ष + ५य लाही जातो आणि उलटही खरे, हे सिद्ध करा. आकडेमोड करत बसलात तर दुपार जाईल. पण पहिल्या राशीची चौपट करून तीत दुसरी मिळवा: बेरीज येते १७क्ष + १७य. संपले! उत्तर सातवी-आठवीच्या मुलालाही समजते. ते सुचणे मात्र अवघड. परीक्षेला हेच सुचणे हवे होते.

ते कोणाला सुचले? १८९७ मध्ये फेयेर लिपोत याला दुसरे बक्षीस मिळाले. तो पुढे गणितज्ञांच्या एका पिढीचा गुरू झाला. १८९८ मध्ये विमानविद्येतले थोर नाव थिओडोर फॉन कार्मान, १९१२ मध्ये गाबोर सेगो, १९१६ मध्ये अणूतल्या साखळी प्रक्रियेची कल्पना पुढे मांडणारा लिओ झिलार्ड, १९२५ मध्ये एडवर्ड टेलर. हे सारे ज्यू कुटुंबांतले. प्रश्नपत्रिकेने कोणाचा धर्म विचारला नव्हता.

समाजाने मात्र विचारला. ८ एप्रिल १९१९ रोजी एट्वेश वारले. महायुद्धात हरलेल्या देशात क्रांती आणि प्रतिक्रांतीची धामधूम होती. १९१९ ते १९२१ अशी तीन वर्षे परीक्षाही झाली नाही. १९२० मध्ये विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा आला. कार्मान आधीच जर्मनीत होता. झिलार्ड आणि टेलर त्याच वाटेने गेले. पुढे नाझींमुळे तिथेही थारा उरला नाही. हंगेरीने निवडलेली मुले अमेरिकेने सांभाळली. सेगोने जॉर्ज पोल्याच्या साथीने १९४६ मध्ये स्टॅनफर्डला शाळकरी मुलांसाठी अशीच परीक्षा सुरू केली, ती हंगेरीच्या आठवणीवर.

दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ परीक्षा योझेफ क्यूर्शाक या गणितज्ञाच्या नावाने चालू राहिली आणि १९५० मध्ये बुडापेस्टच्या विद्यापीठाला एट्वेश यांचे नाव मिळाले. १९५९ मध्ये रुमानियात सात देशांच्या संघांनी पहिले आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड भरवले. त्यात हंगेरी दुसरी आली. भारताचा संघ १९८९ पासून जाऊ लागला आणि १९९६ मध्ये तर ७५ देशांची मुले मुंबईलाच आली. आज प्रत्येक देशाची सहा मुले, दोन दिवस, दररोज साडेचार तास आणि तीन प्रश्न. हा तीनचा आकडा १८९४ चाच.

ऑलिंपियाडसाठी आता आपल्याकडेही शिकवण्या निघाल्या आहेत आणि पदकांचा हिशेब वर्तमानपत्रांत येतो. त्यात गैर काही नाही. पण एट्वेश यांच्या देशाची ही हकिगत आईवडिलांनी आणि राज्यकर्त्यांनीही लक्षात ठेवावी. हुशार मूल हुडकून काढायला तीन प्रश्न पुरतात. त्याला आपलेसे करून ठेवण्याची परीक्षा मात्र समाजाने द्यायची असते आणि हंगेरी नापास झाली ती तिथे.