विश्लेषण : नोकरी सांगायची नाही, मग घरभाड्याचे पैसे कुठून आले म्हणायचे? हेर रुडॉल्फ एबेलचा साडेआठ वर्षांचा हिशेब

गुप्तहेर म्हटला की वेषांतर, पाठलाग आणि पिस्तूल डोळ्यांसमोर येते. पण परदेशात खोट्या नावाने राहणाऱ्या हेराला रोज छळणारा प्रश्न फार साधा असतो : याचे पोट चालते कशावर? घरमालक, शेजारी, बँक किंवा प्राप्तिकर खाते यांपैकी कुणीही तो विचारू शकते. शीतयुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये राहिलेला सोव्हिएत हेर रुडॉल्फ एबेल याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार होते. त्याच्या सहकाऱ्याकडे ते नव्हते आणि तेच दोघांना भोवले.

कोण होता रुडॉल्फ एबेल?

एबेल हे त्याचे खरे नाव नव्हते. त्याचे नाव विल्यम फिशर. जन्म ११ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे. झारशाही रशियातून परागंदा झालेल्या क्रांतिकारकाचा हा मुलगा इंग्रजी बोलतच वाढला. १९२१ मध्ये हे कुटुंब सोव्हिएत रशियात परतले. १९२७ मध्ये फिशर तेथील गुप्तचर सेवेत दाखल झाला. बिनतारी संदेशयंत्रणेत तो तरबेज होता. १९३८ च्या अखेरीस, स्टालिनच्या शुद्धीकरण मोहिमेच्या काळात, त्याला नोकरीवरून काढण्यात आले आणि त्याने विमान कारखान्यात काम केले. युद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. पत्नी आणि मुलीला मॉस्कोत ठेवून नोव्हेंबर १९४८ मध्ये तो कॅनडामार्गे अमेरिकेत शिरला.

नवा माणूस कागदावर कसा उभा राहिला?

अमेरिकेत शिरताना त्याच्याकडे अँड्र्यू कायोटिस या नावाचा पासपोर्ट होता. हा कायोटिस लिथुआनियात जन्मलेला अमेरिकी नागरिक होता आणि मायदेशी आला असताना वारला होता. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर दुसऱ्या एका सोव्हिएत हेराने फिशरला तीन कागद आणि १ हजार डॉलर दिले. पहिला कागद एमिल गोल्डफस या नावाचा जन्मदाखला. हा दाखला अस्सल होता, कारण त्या नावाचे मूल खरोखर जन्मले होते आणि बालपणीच दगावले होते. दुसरा कागद लष्करी नोंदणीचे बनावट कार्ड आणि तिसरा कर भरल्याचा बनावट दाखला.

हा तिसरा कागद महत्त्वाचा. जन्मदाखल्यामुळे माणूस आहे हे सिद्ध होते, पण तो इतकी वर्षे काय करत होता हे कळत नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या नावावर कराची एकही नोंद नसेल, तर संशय येणारच.

पगार बँकेत का जमा होत नव्हता?

दूतावासात अधिकारी म्हणून काम करणाऱ्या हेराला सरकारी पगार उघडपणे मिळतो. फिशर त्या प्रकारातला नव्हता. सोव्हिएत सरकारशी त्याचा संबंध कागदोपत्री कुठेच दिसता कामा नये, ही त्याच्या कामाची पहिली अट. त्यामुळे धनादेश किंवा बँक हस्तांतरण यांचा प्रश्नच नव्हता. सारा व्यवहार रोखीचा. उद्यानातील पायऱ्यांच्या भेगा, दिव्यांचे खांब अशी ठिकाणे आधी ठरलेली असत. एकाने तेथे पाकीट किंवा संदेश ठेवायचा, दुसऱ्याने नंतर उचलायचा, म्हणजे दोघांची गाठ पडायची गरज उरत नसे.

पण रोख हातात आली तरी अडचण संपत नव्हती. कमाई दाखवता येत नसेल, तर खर्चही दिसू द्यायचा नाही.

मग त्याने उत्पन्नाचे साधन काय दाखवले?

१९५४ च्या सुरुवातीला त्याने ब्रुकलिनमधील फुल्टन स्ट्रीटवरच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एका खोलीचा स्टुडिओ घेतला. भाडे महिना ३५ डॉलर. इमारतीत चित्रकार आणि लेखक मंडळी होती. तेथे तो चित्रकार-छायाचित्रकार एमिल गोल्डफस म्हणून वावरला. आयुष्यभर फोटो धुण्या-छापण्याचे काम केले, चार पैसे गाठीला बांधले, आता हौस म्हणून चित्रे काढतो, अशी त्याची कहाणी होती. कपडे साधे आणि जुने, राहणी काटकसरीची. अंथरूण पाहून पाय पसरणारा हा माणूस शेजारच्या तरुण चित्रकारांना आपलासा वाटला. पुढे नावारूपाला आलेला चित्रकार बर्ट सिल्व्हरमन हा त्यांपैकीच एक.

या धंद्याची निवड विचारपूर्वक होती. छायाचित्रकाराकडे कॅमेरे, रसायने, भिंगे आणि अंधारी खोली असणे कुणाला खटकत नाही. संदेशांच्या सूक्ष्म प्रती काढायलाही हेच साहित्य लागते. चित्रकाराला कामाची ठरावीक वेळ नसते. त्याची कमाई कधी होते, कधी होत नाही आणि तरीही त्याचे कसे चालते, असे कुणी विचारत नाही. शिवाय हे निव्वळ सोंग नव्हते. तो खरोखर चित्रे काढत असे आणि त्याचा हातही चांगला होता.

सहकाऱ्याचे गणित कुठे चुकले?

ऑक्टोबर १९५२ मध्ये रेइनो हायहानेन हा दुसरा हेर युजीन माकी या नावाने न्यूयॉर्कला आला. पुढे तो फिशरच्या हाताखाली काम करू लागला. त्यालाही फोटोग्राफीच्या दुकानाची आड घ्यायची होती. त्यासाठी न्यू जर्सीतील नेवार्क येथे जागा घेतली गेली, पण दुकान कधी उघडलेच नाही. काचांना आतून पांढरा लेप, आत दारू आणि पत्नीशी भांडणे. धंदा बंद, तरी घर चालू. शेजाऱ्यांना विचार करायला लावणारी नेमकी हीच गोष्ट असते.

पैशांचाही भरवसा राहिला नाही. रोझेनबर्ग खटल्यात शिक्षा झालेल्या मॉर्टन सोबेलच्या पत्नीला द्यायचे ५ हजार डॉलर दोघांनी बेअर माउंटन उद्यानात पुरून ठेवले होते. हायहानेनने ते स्वतःच लाटले आणि पैसे पोहोचल्याचे कळवले. १९५५ मध्ये फिशर रजेवर मॉस्कोला गेला. परतल्यावर त्याला दिसले की काम ठप्प आहे आणि सहकारी दारूत बुडाला आहे. त्याच्या तक्रारीनंतर हायहानेनला माघारी बोलावण्यात आले. परतलो तर काय होईल, या भीतीने त्याने मे १९५७ मध्ये पॅरिसच्या अमेरिकी दूतावासात आश्रय मागितला.

पोकळ नाण्यात काय दडले होते?

जून १९५३ मध्ये ब्रुकलिनमधील वृत्तपत्र टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून सुटे पैसे पडले आणि पाच सेंटचे एक नाणे दुभंगले. आत आकड्यांच्या रांगा असलेले इवलेसे छायाचित्र होते. हेरांसाठी बनवलेले पोकळ नाणे सुट्या पैशांबरोबर व्यवहारात फिरत होते. एफबीआयला चार वर्षे त्या आकड्यांचा अर्थ लागला नाही. हायहानेनने सांकेतिक लिपीची किल्ली दिल्यावर तो उलगडला. संदेश त्याच्यासाठीच होता. त्यात सुखरूप पोहोचल्याबद्दल अभिनंदन, कुटुंबाची खुशाली आणि पैशांची सूचना होती. त्याला ३ हजार डॉलर देण्याची व्यवस्था केली आहे, पण ते कोणत्याही धंद्यात घालण्यापूर्वी धंद्याचे स्वरूप मॉस्कोला कळवावे, असे त्यात बजावले होते. आडोशाचा धंदा कोणता हेदेखील मुख्यालयाला ठरवायचे होते.

एबेल कसा सापडला?

हायहानेनला फिशरचे मार्क हे टोपणनावच माहीत होते. पत्ता ठाऊक नव्हता. मात्र एकदा फोटोग्राफीचे साहित्य देण्यासाठी फिशर त्याला आपल्या कोठीच्या खोलीत घेऊन गेला होता. सहकाऱ्याला घर किंवा कामाची जागा दाखवायची नाही, हा नियम तेथे मोडला. हायहानेनने सांगितलेल्या खुणांवरून एफबीआय फुल्टन स्ट्रीटच्या इमारतीपर्यंत पोहोचली. २१ जून १९५७ रोजी मॅनहॅटनमधील लॅथम हॉटेलच्या खोलीत फिशरला पकडण्यात आले. तेथे तो मार्टिन कॉलिन्स या तिसऱ्याच नावाने राहत होता. झडतीत पोकळ पेन्सिली, दाढीचा पोकळ ब्रश आणि हजारो डॉलरची रोकड मिळाली. त्याने नाव सांगितले रुडॉल्फ एबेल. हे त्याच्या दिवंगत सहकाऱ्याचे नाव. ते वृत्तपत्रांत छापून येताच, आपण पकडलो गेलो पण तोंड उघडलेले नाही, हे मॉस्कोला उमगणार होते.

खटल्यात आणि पुढे काय झाले?

ऑक्टोबर १९५७ मध्ये ब्रुकलिनच्याच न्यायालयात खटला चालला. हायहानेन मुख्य साक्षीदार होता. बचावाचे काम वकील जेम्स डोनोव्हन यांनी केले. आपले १० हजार डॉलरचे शुल्क त्यांनी विद्यापीठांना देऊन टाकले. नोव्हेंबरमध्ये ३० वर्षे कैद आणि ३ हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अटलांटाच्या तुरुंगातही फिशर चित्रे काढत राहिला. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनच्या ग्लिनिके पुलावर अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सच्या बदल्यात त्याची सुटका झाली. याच घटनेवर २०१५ मध्ये ब्रिज ऑफ स्पाइज हा चित्रपट आला.

मॉस्कोत परतल्यावर त्याने नव्या हेरांना प्रशिक्षण दिले. १५ नोव्हेंबर १९७१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. अमेरिकेला तोपर्यंत तो एबेल म्हणूनच माहीत होता. मॉस्कोतील दोन्स्कोय दफनभूमीत त्याच्या थडग्यावर मात्र फिशर आणि एबेल अशी दोन्ही नावे आहेत. ज्या गोल्डफस नावाने त्याने ब्रुकलिनमध्ये भाडे भरले, ते त्यावर नाही.