रोज सकाळी एक वर्तुळ

मंडल म्हटले की हल्ली पुस्तकांच्या दुकानातील रंगवायच्या वह्या डोळ्यांसमोर येतात. आखीव वर्तुळे, त्यांत पाकळ्या आणि मुखपृष्ठावर मनःशांतीची हमी. पाश्चात्त्य जगात ही वर्तुळे मनाच्या उपचाराशी जोडली ती मुख्यतः कार्ल गुस्टाव्ह युंग या स्विस डॉक्टरने. आणि त्याने ती काढली ती शांती लाभली म्हणून नव्हे, तर मन थाऱ्यावर नव्हते म्हणून.

युंग १८७५ साली केसविल गावी एका धर्मोपदेशकाच्या घरात जन्मला. झुरिकच्या मनोरुग्णालयात नाव कमावल्यावर १९०७ मध्ये तो व्हिएन्नाला जाऊन फ्रॉइडला भेटला. पहिल्याच भेटीत दोघे तासन्‌तास बोलत बसले. फ्रॉइडने त्याला आपला वारस मानले; पण मनाच्या साऱ्या घडामोडींचे मूळ कामप्रेरणेत शोधणे युंगला पटेना. १९१३ मध्ये संबंध तुटले. पुढच्या वर्षी त्याने विद्यापीठातील अध्यापनही सोडले. जागेपणी त्याला रक्ताच्या पुरात बुडालेला युरोप दिसे. मनाच्या वैद्याला स्वतःच्याच मनाची धास्ती वाटावी, असा तो काळ होता. रुग्ण तपासणे आणि बायकामुलांत वावरणे मात्र त्याने सोडले नाही. त्यानेच तो तगला असावा.

१९१६ साली त्याने पहिले मंडल रंगवले. पुढे महायुद्धाच्या काळात शातो-द-ए येथे स्थानबद्ध इंग्रज सैनिकांच्या छावणीवर अधिकारी असताना तो रोज सकाळी वहीत एक लहानसे वर्तुळ काढू लागला. माझी हयात बँकेत गेली. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय तिथून उठता येत नसे. युंगची वही मला त्या रोजकिर्दीसारखी वाटते. इथे हिशेब फक्त स्वतःशी होता.

एकदा ओळखीच्या एका बाईचे पत्र आले. मनातून उमटणारे हे सारे म्हणजे कलाच आहे, असा तिचा आग्रह. युंग अस्वस्थ झाला, चिडला. दुसऱ्या दिवशीच्या मंडलाची कड एका बाजूने फुटलेली निघाली, सारा तोल गेलेला. लेखक म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. कड सांधून घेणे त्याला अवघड नव्हते. चित्र सुबक झाले असते. नोंद मात्र खोटी ठरली असती.

अशी पाने साठत गेली, तेव्हा प्रत्येक वाट मध्यबिंदूकडेच वळते हे त्याच्या ध्यानात आले. त्या मध्याला त्याने ‘स्व’ मानले. अहंकाराहून मोठा, जाणीव-नेणिवेला कवेत घेणारा. १९२८ मध्ये त्याने तटबंदीच्या नगरासारखे एक मंडल रंगवले. त्याची धाटणी चिनी का वाटते, हे त्यालाच उमगेना. थोड्याच दिवसांत रिखार्ड विल्हेल्म या चिनी विद्येच्या पंडिताने एका ताओपंथी ग्रंथाचे भाषांतर धाडले. आपण एकटे नाही, हा दिलासा त्याला तेव्हा मिळाला.

कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी तो १९३७च्या अखेरीस भारतात आला. दार्जिलिंगजवळच्या भुतिया बस्ती मठातील लामाने त्याला सांगितले, की खरे मंडल आतच असते, मनाचा तोल ढळला की ते कल्पनेने उभारावे लागते आणि एकासारखे दुसरे नसते. युंगला हे आपलेच वाटले. तरी भेद विसरू नये. तिबेटी साधकाचे मंडल हे देवतेचे निवासस्थान. ते गुरूच्या दीक्षेने आणि परंपरेच्या नियमांनी चालते. युंगपाशी ना गुरू होता ना दीक्षा. परतीच्या वाटेवर बोट मुंबईला लागली, तेव्हा तो किनाऱ्यावर उतरलाही नाही. लॅटिनमधील किमयाशास्त्राच्या पोथ्यांत बुडून राहिला. भारताने त्याला भारावले, पण स्वतःची वाट त्याला स्वतःच्याच मातीत शोधायची होती.

६ जून १९६१ रोजी तो वारला. सोळा वर्षे खपून लिहिलेला, चितारलेला त्याचा तांबडा ग्रंथ हयातीत छापला गेला नाही; तो २००९ साली लोकांपुढे आला. त्यातली वर्तुळे सुंदर आहेत. पण मला ती फुटक्या कडेची वहीच अधिक जवळची वाटते. छापील मंडले रंगवून कुणाला विसावा मिळत असेल, तर जरूर मिळवावा. स्वतःकडे पाहायचे असेल, तर मात्र वही कोरी आणावी.