'ध'चा 'मा' आणि आनंदीबाई : एका आख्यायिकेची चिकित्सा

एखाद्या मजकुराचा कोणी मुद्दाम विपर्यास केला की 'ध'चा 'मा' केला, असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. हा वाक्प्रचार वापरताना आनंदीबाईचे स्मरण व्हावेच लागते असे नाही, इतका तो भाषेत मुरला आहे. आरोपाचा वाक्प्रचार झाला म्हणजे त्याला पुराव्याची गरज उरत नाही. भाषाच त्याची साक्षीदार होऊन बसते. आनंदीबाईच्या चरित्राकडे वळणाऱ्या अभ्यासकापुढील पहिली अडचण ही आहे.

गुहागरच्या ओक घराण्यातील ही मुलगी, रघुनाथरावाची पहिली पत्नी जानकीबाई १७५५ मध्ये निवर्तल्यानंतर, पेशव्यांच्या घरात आली. पतीच्या उत्तरेकडील मोहिमांचा दिमाख तिने कोवळ्या वयात पाहिला आणि त्याच्या पराभवांचा काळ मात्र संसाराची सारी वर्षे भोगला. पानिपतानंतर १७६१ मध्ये सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला आणि चुलत्या-पुतण्यांतील तेढ सुरू झाली. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत रघुनाथरावाचा पाडाव होऊन तो शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. आनंदीबाईच्या महत्त्वाकांक्षेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. या कैदेचा तिच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याचा विचार त्यामानाने फारच थोड्यांनी केला आहे.

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवराव वारला. नारायणराव गादीवर आला तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते. आरंभी चुलत्याशी गोडी झाली, परंतु ती टिकली नाही आणि १७७३ च्या एप्रिलात रघुनाथराव पुन्हा कैदेत गेला. वाड्याबाहेर असंतोषाची कारणे साचत होती. गारदी पगारासाठी अस्वस्थ होते. ग्रामण्याच्या वादामुळे प्रभू मंडळी दुखावली होती व त्यांत सखाराम हरी गुप्ते याच्यासारखा रघुनाथरावाचा निष्ठावंत सरदार होता.

याच ठिकाणी नागपूरचा संबंध येतो. आमच्याकडे तो क्वचितच सांगितला जातो. १७७२ मध्ये जानोजी भोसले वारला. त्याने मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेण्याचे ठरविले होते; पण सेनासाहेबसुभा हे पद मुधोजीच्या पक्षाकडे जावे की साबाजीकडे, यावरून घरात कलह पेटला. मुधोजीच्या वतीने व्यंकटराव काशी व लक्ष्मण काशी हे वकील पुण्यास आले होते. नारायणरावाने कौल साबाजीच्या बाजूने दिला. मुधोजीचे काम व्हावयाचे तर पेशवाईवरील माणूस बदलणे हा एकच मार्ग राहिला आणि हे वकील रघुनाथरावाच्या पक्षाकडील मसलतीत शिरले. नागपूरच्या गादीचा तंटा पुण्याच्या वाड्यातील कटाला असा जोडला गेला. रघुनाथरावाने सत्ता हाती येताच मुधोजीच्या पक्षाला मान्यता दिली, यावरून या व्यवहाराचे स्वरूप ध्यानात येते. घरातील हा तंटा पुढे जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगाव येथे साबाजीच्या मृत्यूने मिटला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग, महंमद युसुफ, खरगसिंग आदी गारदी वाड्यात घुसले व त्यांनी नारायणरावास रघुनाथरावाच्या समक्ष ठार केले. सेवक तुळाजी पवार त्यांस सामील होता. रघुनाथरावाने धरण्याचा हुकूम लिहून दिला. आनंदीबाईने 'धरावे' याचे 'मारावे' केले. पुढे चौकशी करताना तो कागद रामशास्त्र्यांच्या हाती लागला, अशी आख्यायिका आहे.

आता या कथेची मांडणी तपासून पाहावी. ती उभी आहे एका कागदावर, आणि तो कागद आज कोठेही उपलब्ध नाही. कट करणारे एकाच वाड्याच्या आवारात वावरत होते, निरोपे होते, वकील होते; अशा वेळी धन्याने पुतण्याला धरण्याचा लेखी हुकूम द्यावा हे पटण्यासारखे नाही. उलट बाजूही मांडली पाहिजे. गारद्यांना उद्या आपल्यावर शेकू नये म्हणून लेख हवा असणे अगदी शक्य आहे. पण तसे मानले तर त्यांनी तो जिवापाड जपला असता, आणि त्यावरील अक्षर खोडून बदललेले आहे हेही त्यांच्या नजरेतून सुटले नसते. शिवाय आपण वर्गात फळ्यावर हा बदल बाळबोधीत लिहून दाखवितो; दरबारी हुकूम मोडीत निघत असत, याचा विसर पडतो. माझ्या मते या कथेचे खरे कार्य निराळेच आहे. ती रघुनाथरावाला पुतण्याच्या रक्तापासून अर्धा सोडविते आणि वकील, सरदार व गारदी यांना पडद्याआड ढकलते. राजकीय कटाची जागा एका स्त्रीच्या लेखणीने घेतली की गोष्ट सोपी होते.

१८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात हा अक्षरबदल आला आहे. तेथे आनंदीबाईचे नाव सार्वत्रिक समजूत म्हणून येते. कागद स्वतः पाहिल्याचे डफ सांगत नाही. घटनेला तेव्हा अर्धशतक उलटले होते. त्याचा ग्रंथ 'मराठ्यांची बखर' या नावाने मराठीत आला आणि समजूत इतिहासाच्या पानावर स्थिरावली. पुढे १९०९ मध्ये खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आले. १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटात ललिता पवार यांनी आनंदीबाई उभी केली. त्यानंतर प्रेक्षकांच्या मनात दुसरी आनंदीबाई शिरणे कठीण झाले. नाटककाराला हा प्रसंग मोलाचा वाटावा यात दोष नाही. दोष आहे तो नाटकाच्या आधारे चरित्र लिहिणाऱ्यांचा, आणि असे प्रबंध आपल्या विद्यापीठांतून मान्यही झालेले आहेत.

ती निर्दोष होती, असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. पतीच्या पक्षात ती होती, त्याच्या राजकारणात तिचा हात होता, आणि कटाची तिला वार्ताही नव्हती असे मानणे भोळेपणाचे होईल. तथापि, कट ठाऊक असणे वेगळे आणि हुकमातील अक्षर बदलणे वेगळे.

एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि रघुनाथरावाचा दावा संपला. बारभाईंची फौज पाठीवर असताना गरोदर आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिली. १० जानेवारी १७७५ रोजी तेथे दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पती इंग्रजांच्या आश्रयास गेला, मार्चमध्ये सुरतेचा तह झाला, आणि ती मुलासह बारभाईंच्या ताब्यात सापडली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. तो कोपरगावी येऊन राहिला व डिसेंबर १७८३ मध्ये वारला. धाकटा मुलगा चिमाजी त्यानंतर जन्मला. नाना फडणीसाच्या पहाऱ्यात तिने मुले वाढविली. तिची पत्रे प्रसिद्ध झालेली आहेत. कोणत्याही नाटकापूर्वी ती वाचावीत.

अखेरच्या काळात ती नाशिकजवळ आनंदवल्लीस राहावयास गेली. हे गाव रघुनाथरावाने पूर्वी तिच्याच नावाने वसविले होते. मार्च १७९४ मध्ये तेथेच तिचा मृत्यू झाला. पुढील वर्षी सवाई माधवराव गेला आणि १७९६ च्या अखेरीस बाजीराव पेशवा झाला.